टेंभी नाक्यापलीकडची भिंत

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून जांभळी नाक्याच्या भाजीबाजारातून वाट काढत गेले की टेंभी नाका येतो. नवरात्रात इथल्या देवीच्या उत्सवामुळे पाय ठेवायला जागा नसते. याच नाक्यावर बेने इस्रायली समाजाचे १८७९ साली बांधलेले 'शार हाशामाईम' नावाचे सिनेगॉग उभे आहे. नावाचा अर्थ स्वर्गाचे दार. जवळच पारशांची अग्यारी आहे. मागे बाजारात कोपिनेश्वराचे मंदिर, मासुंदा तलावाच्या बाजूला सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आणि पलीकडे राबोडीतल्या मशिदी. चालत फिरले तरी तासाभरात एवढ्या धर्मांची दारे दिसतात, असे भाग आपल्या राज्यात थोडेच असतील.

नाक्यावरून कोर्ट नाक्याकडे निघाले की जिल्हाधिकारी कचेरी आणि जिल्हा न्यायालय लागते. त्यांच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला, एक उंच दगडी तटबंदी आहे. हे ठाणे मध्यवर्ती कारागृह. वर सांगितलेल्या सगळ्या दारांतून प्रार्थना करून निघालेली माणसे या भिंतीच्या आतही आहेत. आम्ही बीएड करत होतो तेव्हापासून या भागात आमची ये-जा आहे. पण वीस वर्षांत त्या भिंतीकडे नीट मान वर करून पाहिले नव्हते. वाचकहो, खरे सांगा, आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

आम्हाला तिथवर नेले ते आमच्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलाने.

मुलगा हुशार होता. उर्दू अक्षर मोत्यासारखे, गणितही चांगले. पण दर पंधरा दिवसांनी एक दिवस गैरहजर राहायचा. विचारले की सांगायचा, "गावी गेलो होतो, सर." एकदा आमचा संयम सुटला. भर वर्गात आम्ही म्हणालो, "दर पंधरा दिवसांनी गावी जायला तुझे अब्बा काय करतात रे?" वर्गात दोन-तीन मुले हसली. त्यांना माहीत होते, आम्हाला माहीत नव्हते. मुलगा खाली मान घालून उभा राहिला आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायचा बंद झाला.

चौथ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. बुरख्याचे टोक हातात चुरगाळत स्टाफरूमच्या दाराशी उभी राहिली. म्हणाली, "सर, त्याला रागावू नका. त्याचे अब्बा आत आहेत. मुलाखतीला मी त्याला घेऊन जाते. तिथले कागद मला वाचता येत नाहीत, तो वाचतो."

नवरा टेम्पो चालवायचा. टेम्पोत सापडलेल्या मालावरून गुन्हा दाखल झाला होता. पाचव्या महिन्यात जामीन मंजूर झाला, पंधरा हजारांचा. आता नववा महिना लागला होता आणि माणूस अजून आतच होता, कारण जामीनदार मिळत नव्हता. दिराने हात वर केले. मोहल्ल्यातल्या ओळखीच्या माणसाने सांगितले, कोर्टाच्या भानगडीत आम्हाला घेऊ नका. वकिलांची फी तीन हप्त्यांत दिली होती, पण पुढे काय करायचे ते कुणी सांगितले नव्हते.

तिने थांबून विचारले, "सर, तुम्ही राहाल का जामीन?"

आम्ही म्हणालो, "विचार करून सांगतो, भाभी."

पुढच्या मुलाखतीला त्या मायलेकांबरोबर आम्हीही निघालो. पैसे किंवा सही द्यायची हिंमत झाली नाही, तर निदान सोबत जावे, एवढाच हिशोब मनात होता. आत फक्त नातेवाईकांना सोडतात. आधार कार्ड दाखवून दोघे आत गेले आणि आम्ही बाहेर बसलो. बाहेर जी माणसे होती त्यांत कडेवर मूल घेतलेल्या बाया होत्या, काठी टेकत आलेला एक म्हातारा होता, नव्या कपड्यांत आलेली एक तरुण मुलगी होती. कुणाच्या हातात औषधाची चिठ्ठी, कुणाच्या हातात मनीऑर्डरची पावती. एकमेकांशी कुणी फारसे बोलत नव्हते. ओळख निघाली तर काय, ही भीती प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होती. राबोडीच्या बाजूने जोहरची अजान ऐकू आली. बाजूच्या एका बाईने डोक्यावर पदर घेतला आणि तिच्या शेजारच्या दुसऱ्या बाईने गळ्यातल्या माळेला हात लावून डोळे मिटले.

बसल्या बसल्या आम्ही त्या भिंतीकडे पाहत होतो. इतिहास शिकवणाऱ्याला दगड गप्प बसू देत नाहीत.

हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास तो बांधायला घेतला. काम पुरे होण्याआधीच १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणे मराठ्यांच्या हाती आले. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला जिंकला. याच किल्ल्यात पेशवे दुसऱ्या बाजीरावांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी कैदेत ठेवले होते. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाचा आरोप त्यांच्यावर होता. देशी शिपायांवर भरवसा नको म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे नेमले होते. किस्सा असा सांगितला जातो की, एक मोतद्दार रोज खिडकीखाली घोड्याला खरारा करताना मराठी गाणे गुणगुणायचा. सुटकेचा सगळा बेत त्या गाण्यात होता. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हते, त्यांना ते नुसते गाणे वाटले. १८१६च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटले.

१८३३ मध्ये किल्ल्याचा तुरुंग झाला. महादेव कोळी समाजातले बंडकरी राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. वासुदेव बळवंत फडके यांना १८८०च्या सुरुवातीला एडनला पाठवण्याआधी इथेच ठेवले होते. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी इथे फाशी झाली. विनायक दामोदर सावरकरांनाही अंदमानला नेण्यापूर्वी या तुरुंगात ठेवण्यात आले होते. ज्यांची नावे आम्ही फळ्यावर लिहितो आणि मुले परीक्षेसाठी पाठ करतात, ती माणसे याच दगडांच्या आत राहिली. इंग्रज गेले, भिंत राहिली. त्यांनी केलेला १८९४चा तुरुंग कायदाही स्वातंत्र्यानंतर कितीतरी दशके आपल्याकडे चालत राहिला.

त्रिंबकजींची गोष्ट मात्र त्या दिवशी आम्हाला वेगळीच वाटली. तेव्हा पहारेकऱ्याला भाषा कळत नव्हती म्हणून कैदी सुटला. आज कैद्याला आणि त्याच्या बायकोला कागदाची भाषा कळत नाही म्हणून सुटायला पात्र असलेला माणूस आत राहतो.

ही गोष्ट एका टेम्पोवाल्याची नाही. ठाणे कारागृहाची अधिकृत क्षमता १,१०५ बंद्यांची आहे. गेल्या काही वर्षांत तिथे चार हजारांच्या आसपास माणसे ठेवल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा आल्या आहेत. शिक्षकाच्या भाषेत सांगायचे तर, दोन मुलांच्या बाकावर सात मुले बसवायची आणि वर्ग सुटूच द्यायचा नाही. जिथे एकाने झोपायचे तिथे तिघे-चौघे झोपले की काय होते ते सांगायला नको. संडासापुढे रांग, पाण्यासाठी तंटे, एकाची खरूज दहा जणांना, आणि थोड्या रागावरून मोठे भांडण. मुंबईचे आर्थर रोड कारागृह, कल्याणचे आधारवाडी, पलीकडचे तळोजा, कुठेही गेलात तरी गर्दीची तक्रार ऐकू येते.

ही गर्दी कुणाची? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो ते. दर चार कैद्यांमागे तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. या कच्च्या कैद्यांमध्ये मुसलमान, दलित आणि आदिवासी यांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. याची कारणे अनेक आहेत आणि सगळी आपल्या हातात नाहीत. पण गरिबी, कमी शिक्षण, वकिलापर्यंत न पोचणे आणि जामीनदार न मिळणे ही कारणे तरी आपल्या दारातली आहेत.

मुलाखत संपवून मायलेक बाहेर आले. आईचे डोळे लाल झाले होते. मुलाला आम्ही विचारले, "काय म्हणाले अब्बा?" तो म्हणाला, "विचारत होते, सहामाहीत गणितात किती मिळाले." थोडे थांबून म्हणाला, "मी सांगितलं, पेपर अजून मिळाले नाहीत." पेपर केव्हाच वाटले होते. परीक्षेनंतर तो वर्गातच आला नव्हता, आणि का आला नव्हता ते आम्हाला ठाऊक होते.

परतताना टेंभी नाक्यावर चहा घेतला. आम्ही त्या मुलाची माफी मागितली. वर्गात त्याच्या अब्बांचे नाव काढले ती चूक झाली, असे स्पष्ट शब्दांत म्हणालो. तो कपातल्या चहाकडे पाहत "ठीक आहे सर" एवढेच म्हणाला. सोमवारी तो शाळेत आला.

त्या रात्री हजरत युसूफ (अ.स.) यांचा किस्सा आठवला. लहानपणी तो ऐकताना आपले लक्ष विहिरीवर, मिसरच्या बाजारावर आणि राजाच्या स्वप्नावर असते. मधला एक प्रसंग निसटून जातो. कैदखान्यात त्यांच्याबरोबर दोन तरुण होते. स्वप्नाचा अर्थ सांगून त्यांतल्या सुटणाऱ्या तरुणाला युसूफ (अ.स.) म्हणाले की, तुझ्या मालकाजवळ माझी आठवण काढ. तो सुटला, दरबारात रुजू झाला आणि विसरला. आणि निर्दोष युसूफ (अ.स.) आणखी कितीतरी वर्षे आत राहिले. त्या विसरणाऱ्याचे युसूफ (अ.स.) यांच्याशी काही वैर नव्हते. त्याला आपली नोकरी होती, आपली घाई होती. 'विचार करून सांगतो' म्हणणारे आम्ही त्याच्याहून कितीसे वेगळे होतो?

कैद्याला जेवू घालणे, अडकलेल्याची सुटका करणे हे आपल्याकडे अनाथाची आणि भुकेल्याची काळजी घेण्याच्या बरोबरीने सांगितले आहे. बद्रच्या लढाईनंतर जे कैदी खंडणी देऊ शकत नव्हते पण ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना शिकवावे आणि सुटावे, अशी सोय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केली. शिक्षक म्हणून ही गोष्ट आम्ही किती भाषणांत सांगितली असेल! आमच्यावर प्रसंग आला तेव्हा मात्र पगाराची स्लिप कपाटातून काढायला आम्हाला चाळीस दिवस लागले. घरच्यांची भीती होती, शाळेत काय म्हणतील ही भीती होती, आणि तो पळून गेला तर, ही सर्वांत मोठी भीती होती. शेवटी आम्ही जामीन राहिलो आणि तो माणूस बाहेर आला. हे सांगण्यात फुशारकी काही नाही, कारण ते चाळीस दिवस त्याने आमच्या भित्रेपणापायी आत काढले. त्याचा खटला अजून चालू आहे. तो दोषी की निर्दोष हे आम्हाला माहीत नाही, ते न्यायालय ठरवेल. आजवर त्याने एकही तारीख चुकवलेली नाही.

या काळात आम्हाला ज्या गोष्टी नव्याने कळल्या त्या वाचकांसाठी लिहून ठेवतो. त्या कळायला आम्हाला उशीर झाला, आपल्याला होऊ नये.

पहिली गोष्ट, वकील. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्याचे उत्पन्न किती, हे इथे पाहिले जात नाही. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. देशभरासाठी १५१०० हा मदतीचा फोन क्रमांक आहे. ही भीक नाही, हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

दुसरी गोष्ट, आरोपपत्र. पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत आरोपपत्र दाखल केले नाही तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. साधारणपणे ही मुदत ६० दिवसांची आणि जास्त गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांची असते. काही विशेष कायद्यांत ती वेगळी आहे. म्हणून अटकेची तारीख घरात कुठेतरी लिहून ठेवावी आणि वकिलांना विचारत राहावे.

तिसरी गोष्ट, जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळणे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार, जामीन मंजूर झाल्यावर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी ते विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे असते. एक महिन्यात जामिनाची पूर्तता झाली नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. रक्कम कमी करावी किंवा जातमुचलक्यावर सोडावे, असा अर्ज आपणही करू शकतो. केंद्र सरकारच्या २०२३च्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याला जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याला दंडासाठी पैशांची मदत मिळू शकते. काही कायद्यांखालचे गुन्हे त्यातून वगळले आहेत.

चौथी गोष्ट, फार काळ आत राहिलेले कच्चे कैदी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी ही मर्यादा अर्धी आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि एकाहून अधिक खटले असतील तरी अडचण येते. अशा कैद्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करणे ही कारागृह अधीक्षकांची जबाबदारी आहे. पण घरच्यांनी विचारले तर काम लवकर हलते.

हे हक्क आपोआप आलेले नाहीत. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न वकील कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. शिक्षा झाली असती तर जितकी वर्षे काढावी लागली असती त्याहून जास्त वर्षे काही जणांनी खटल्याची वाट पाहत आत काढली होती. खटला लवकर चालणे हा मूलभूत हक्क आहे, असे न्यायालयाने तेव्हा सांगितले आणि हजारो माणसे सुटली. तो निकाल कायद्याच्या पुस्तकांत 'हुसैनारा खातून' या नावाने ओळखला जातो. आमच्या वर्गातल्या मुलींना आम्ही हे नाव आता मुद्दाम सांगतो.

शेवटी मोहल्ल्याबद्दल. एखाद्या घरातला माणूस आत गेला की आपण त्या घरासमोरून जाताना पाय उचलून चालतो. लग्नाचे बोलावणे देत नाही. रमजानमध्ये इफ्तारीची थाळी त्या दारापुढून पुढे जाते. गुन्हा केला असेल तर त्याने केला, त्याच्या बायकोने आणि मुलांनी नाही. आणि केला की नाही हेही अजून ठरायचे असते. प्रत्येक मशिदीच्या कमिटीने आपल्या भागातल्या अशा घरांची माहिती गुपचूप ठेवावी, त्यांचे अर्ज लिहून देणारा एखादा शिकलेला तरुण नेमावा, आणि जकातीच्या पैशातून यात कितपत मदत करता येते ते उलेमांना विचारून घ्यावे. मदत करताना त्या घराचा धर्म विचारू नये. भिंतीबाहेरच्या त्या रांगेत कुणी कुणाचा धर्म विचारत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

शिक्षक बंधू-भगिनींनाही एक विनंती. वर्गात कोणत्याही मुलाला 'तुझे वडील काय करतात' असे चारचौघांत विचारू नका. तो प्रश्न आम्ही सोडून दिला आहे.

तो मुलगा आता नववीत आहे. परवा पालकसभेला त्याचे अब्बा आले होते. मागच्या बाकावर बसले होते. सभा संपल्यावर जवळ आले आणि मुलाची गणिताची वही पुढे करून म्हणाले, "सर, आत असताना याने मार्क सांगितलेच नव्हते. आता मी रोज वही बघतो."

वहीत लाल शाईने आमची सही होती. खाली उर्दूत त्यांचीही सही होती.